यंदाच्या हंगामात बाबांना संगीत नाटक दाखवायचंय. कुठलं, कुठं आणि कसं?

पैठणकरीण

नमस्कार मंडळी. पाच नोव्हेंबरचा रंगभूमी दिन जवळ आला की संभाजीनगरच्या नाटकांच्या जाहिराती पेपरात दिसायला लागतात. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडची व्यावसायिक नाटकं, आणि थंडी सरेपर्यंत नशिबानं एखादं संगीत नाटक. दरवर्षी मी त्या जाहिराती वाचते, "ह्या खेपेला जाऊच" म्हणते, आणि मग लग्नसराई तरी आडवी येते नाहीतर शाळेतलं काहीतरी. यंदा जायचंच, असं घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलंय.

कारण बाबा. पाटबंधारे खात्यात होते, जायकवाडीच्या कालव्यावर. उभी नोकरी चौक्या आणि वसाहतींमध्ये गेली. सोबतीला ट्रान्झिस्टर. आकाशवाणीवर लागणाऱ्या नाट्यसंगीतावर त्यांनी आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. भाजी निवडताना, दाढी करताना पदं चालू असतात, शब्दांसकट, ताना त्यांच्या परीनं. पण आख्खं संगीत नाटक रंगमंचावर त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. आमच्याकडं नाथषष्ठीला भारुडं पाहिली, जत्रेत तमाशे पाहिले, शाळेच्या गॅदरिंगला वग पाहिले. संगीत नाटक मात्र नाही. मध्ये सहज विचारलं तर म्हणाले, "आता कशाला, मला सगळं पाठ आहे." पण ते ज्या तऱ्हेनं म्हणाले त्यावरून कळलं की त्यांना जायचंय.

मी स्वतः 'संगीत देवबाभळी' पाहिलं होतं. तुकोबांची आवली आणि रखुमाई, दोघीच रंगमंचावर, आणि सगळं नाट्यगृह त्यांच्या मुठीत. तेव्हापासून बाबांना न्यायचं डोक्यात आहे. पण त्यांना जुनं संगीत नाटक बघायचंय, त्यांच्या पदांचं.

आता अडचणी सांगते. वय शहात्तर. गुडघे दुखतात. डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, उजवा ठीक आहे. तीन तास बसतील का, पुढं बसवावं की मागं, हे कळत नाही. परतीचा प्रश्न वेगळाच, शेवटची एसटी गाठायची तर तिसरा अंक सोडून उठावं लागतं. जाणकारांनी सांगा, पहिलं नाटक कुठलं दाखवावं?


निराला_बाजार

ताई, आधी तिकिटाचं. व्यावसायिक नाटकांची तिकिटं हल्ली मोबाइलवर मिळतात, पण ज्येष्ठांना नेताना मी अजूनही नाट्यगृहाच्या खिडकीवर जातो. खिडकीवरचा माणूस तक्ता पुढं करतो, खुर्ची बोटानं दाखवून घेता येते. जिना टाळायचाय, कडेची खुर्ची हवीय, हे त्याला तोंडानं सांगता येतं. शहरात तीन जागा लक्षात ठेवा : उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर, सिडको एन-५ मधलं संत तुकाराम नाट्यगृह आणि आमच्या भागातलं तापडिया नाट्यमंदिर. तुम्ही पैठणच्या, तेव्हा नाथांच्या नावाच्या रंगमंदिरापासून सुरुवात करा!

परतीसाठी एसटीच्या भानगडीत पडू नका. शेजारीपाजारी आठ-दहा जण गोळा करा आणि क्रूझर सांगा. भाडं वाटून घेतलं की जड जात नाही, आणि येताना गाडीत नाटकावर बोलायला माणसं असतात.


पायपेटीवाला

पैठणकरीण ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण झाल्या झाल्या लिहायला बसलोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी वीज मंडळात होतो, आता निवृत्त आहे. तरुणपणापासून हौशी नाटकांना पायपेटीची, म्हणजे पायानं भाता मारायच्या पेटीची, साथ करत आलोय. यंदा आमची मंडळी 'सौभद्र' बसवतायत. गणपती उठले त्या आठवड्यात तालमी लागल्या. माझ्या मते तुमच्या बाबांनी पहिलं 'सौभद्र'च पाहावं, मग ते आमचं असो की दुसऱ्या कुणाचं.

का, ते सांगतो. रेडिओवर पद ऐकलं म्हणजे भांडणाचा शेवट ऐकला, भांडण ऐकलंच नाही. 'नच सुंदरी करू कोपा' तुमच्या बाबांना पाठ असणारच. पण त्याआधी रुक्मिणी रुसून बसलेली असते, कृष्ण एक बोलतो, ती एक टोला देते, तो पुन्हा गोड बोलतो, ती मान फिरवते. हे सगळं गद्यात चाललेलं असतं. शेवटी त्याच्याकडं बोलून समजूत काढायचं काही उरत नाही, तेव्हा तो गातो. त्या क्षणी कळतं की हे गाणं मध्येच आणून ठेवलेलं नाही, बोलणंच चढत चढत इथपर्यंत आलंय. आयुष्यभर पद ऐकलेल्या माणसाला त्याच्या आधीचं वाक्य पहिल्यांदा ऐकायला मिळणं, ह्याच्याएवढं भाग्य नाही. मी असे श्रोते पाहिलेत. वाक्य संपायच्या आत त्यांचे ओठ हलायला लागतात.

दुसरं कारण. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' आणलं, तो कालिदासाचा अनुवाद. 1882 चं 'सौभद्र' हे त्यांचं स्वतःचं, आणि ते घरातल्यासारखं नाटक आहे. थोरला भाऊ बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवून बसलाय, बहिणीच्या मनात अर्जुन, धाकटा भाऊ सगळं जाणून वरकरणी गप्प आहे आणि आतून सूत्रं हलवतोय. गोष्ट महाभारतातली, पण घरोघरी घडणारी. दुर्योधन तर रंगमंचावर यावाही लागत नाही. सुभद्रा 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणते तेव्हा समोर बसलेल्या बायकांना ते महाभारत वाटत नाही.

लांबीची काळजी करू नका. मूळ नाटकात शंभरावर पदं आहेत. जुन्या काळी प्रयोग रात्रभर चालायचे, वन्स मोअर पडले की पहाट व्हायची. आता सगळेच संपादित संहिता घेतात, मध्यंतर धरून तीन तासांत आटपतं. कुठली पदं ठेवायची ह्यावरून आमच्याकडं सध्या रोज वादावादी आहे. दिग्दर्शक वेळ बघतो, नट आपलं पद सोडत नाहीत, आणि मी म्हणतो की ज्या पदानं गोष्ट पुढं सरकते ते आधी ठेवा, नुसतं गळा दाखवायचं असेल ते नंतर बघू.

तालीम कशी चालते तेही थोडं सांगतो, म्हणजे बाबांना आधीच सांगून ठेवता येईल की काय ऐकायचं. आमची सुभद्रा घाटी रुग्णालयात नर्स आहे. तिची पाळी संपली की ती थेट तालमीला येते, कधी आठला, कधी दहाला. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर तिचा सूर काळी पाच, कृष्णाचा काळी एक. म्हणजे पदागणिक मला पट्टी बदलावी लागते, आणि ती बदलल्याचं प्रेक्षकाला जाणवता कामा नये. त्यासाठी नट शेवटची दोन वाक्यं बोलत असतानाच मी पायानं भाता अगदी हळू चालू करतो आणि त्याच्या बोलण्याखाली षड्ज, म्हणजे 'सा', धरून ठेवतो. ऐकू येईल न येईल एवढाच. सुभद्रा शेवटच्या वाक्याला आवाज खाली नेते, श्वास अर्धाच घेते, आणि त्या उरलेल्या श्वासावर पदाचा पहिला शब्द उचलते. तिनं पूर्ण श्वास घेतला तर मध्ये भोक पडतं आणि गद्य वेगळं, पद्य वेगळं होतं. ही एक जागा आम्ही परवा रात्रभर घोटली. ती ड्यूटी करून आलेली, पायात गोळे आलेले, तरी "काका, अजून एकदा" म्हणत होती. अशी मुलं-मुली आहेत म्हणून ह्या शहरात संगीत नाटक उभं राहतं. नाथराव नेरळकरांसारख्या गुरूंनी इथं गाणं रुजवलं, त्याचं हे पुढचं पीक आहे.

आता बाबांच्या कानाचं. डावा कान कमी आहे ना? मग प्रेक्षागृहात शिरल्यावर रंगमंचाकडं तोंड केलं की जी डावी बाजू येते, तिकडच्या खुर्च्या घ्या. सगळा रंगमंच त्यांच्या उजव्या कानाला येईल. आमच्याकडं पायपेटी प्रेक्षकांच्या उजव्या हाताला असते आणि तबला डाव्या हाताला, त्यामुळं पेटीचा सूर त्यांना नीट मिळेल. रांग चौथी-पाचवी. अगदी पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं आणि तबला कानावर येतो. बाल्कनी नको, पायऱ्याही नकोत.

आणि नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलगीत, चुकवू नका. तिसऱ्या घंटेला पडदा उघडायच्या आत स्थिरस्थावर होऊन बसा. अंधारात खुर्ची शोधणाऱ्या माणसाची नांदी गेली, आणि नांदी गेली की नाटकात शिरायला अर्धा अंक लागतो.


एन_पाच

काकांचा शब्द मोडवत नाही, पण माझं मत वेगळं आहे. संगीत नाटक पहिल्यांदाच बघणाऱ्याला 'कट्यार काळजात घुसली' दाखवावं. त्यात गाणं हाच विषय आहे, त्यामुळं "हे मध्येच गायला का लागले" असा प्रश्न नातवंडांनासुद्धा पडत नाही. ताईंच्या घरातली पोरंही सोबत येणार असतील तर हे लक्षात घ्या.


पायपेटीवाला

एन_पाच, पोरांसाठी तुमचं म्हणणं पटतं. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत, 1967 साली आलं आणि वसंतराव देशपांड्यांनी खांसाहेब उभा केला. दोन घराण्यांचं वैर गळ्यातून दिसतं, हे दुसऱ्या कुठल्या नाटकात नाही. पण ते पेलायला दोन तयार गवई लागतात, आणि दोघांना अभिनय यावा लागतो. म्हणून हौशी मंडळी सहसा त्याच्या वाट्याला जात नाहीत. बाहेरून कुणी चांगला संच घेऊन आलं तर मी स्वतः पहिल्या दिवशी तिकीट काढीन. बाबांचा प्रश्न मात्र त्यांच्या पदांचा आहे. त्यांना आधी 'सौभद्र'.


जालनेकर

संगीत नाटकाचं काकांनी सांगितलंच. पण ताई, हंगाम म्हणजे तेवढंच नाही. मी दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेची जमतील तेवढी नाटकं बघतो आणि माझा हात जोडून आग्रह आहे की बाबांना तिथंही न्या. रोज संध्याकाळी एक नाटक, तिकीट अगदी नाममात्र, केंद्रावर पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं. करणारे कोण, तर शिक्षक, कंडक्टर, मेडिकलवाले, कॉलेजची पोरं. दिवसा नोकरी, रात्री तालीम. संभाजीनगर लांब पडत असेल तर जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर, इकडंही कधी ना कधी काहीतरी चालू असतं.

आपल्या मातीतलं नाटक कुठपर्यंत जातं ते बघा. आमच्या जिल्ह्यातलं जांब समर्थ, रामदास स्वामींचं जन्मगाव. तिथल्या राजकुमार तांगडेंनी गावातल्या शेतकरी पोरांना घेऊन नाटकं उभी केली. पुढं त्यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' नंदू माधव यांनी बसवलं, संकल्पना आणि गाणी संभाजी भगतांची, आणि 2012 पासून ते महाराष्ट्रभर गाजलं. शेतात राबणारे नट आणि आपली बोली, आणि मुंबई-पुण्याची नाट्यगृहं भरली. तुमच्या संभाजीनगरचंच बघा. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी इथलेच, त्यांची 'जिगीषा' नाट्यसंस्था इथंच सुरू झाली, आणि पुढं 1991 साली त्यांचं 'चारचौघी' आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र त्यावर बोलत होता. नांदेडच्या दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा' तर आजही वाचायला घेतलं की खाली ठेववत नाही.

स्पर्धेत सगळीच नाटकं जमून येतात असं नाही. कधी प्रकाशयोजना चुकते, कधी एखादा नट वाक्य विसरतो. पण ज्या दिवशी एखादं जमतं ना, त्या दिवशी आपल्या गल्लीतला माणूस आपल्याच बोलीत बोलायलाय आणि आपण श्वास रोखून बसलोय, हे सुख मला मोठ्या नटांच्या नाटकात मिळालेलं नाही. आणि ह्या मंडळींना रिकाम्या खुर्च्यांपुढं प्रयोग करावा लागतो तेव्हा लई जीव तुटतो. म्हणून म्हणतो, या. हॉल भरलेला असला की नट दुप्पट काम करतो.


विद्यापीठवाली

ताई, मी इथं विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकते. स्पर्धेच्या दिवसांत आम्ही बरेच जण विंगेत किंवा दारावर मदतीला असतो. बाबांना घेऊन याल त्या दिवशी इथं कळवा. गर्दी शिरायच्या आधी त्यांना आत नेऊन बसवता येईल, खुर्चीपर्यंत हात धरून सोडायची जबाबदारी माझी. मध्यंतरात बाहेरच्या चहाच्या रांगेत त्यांना उभं करू नका, आम्ही आत आणून देऊ.


पैठणकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

पायपेटीवाले काका, तुमचं सगळं लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं, उजव्या बाजूला बसून, जरा मोठ्यानं. रुक्मिणीच्या रुसव्याचं आलं तसे थांबवून म्हणाले, "परत वाच." मग म्हणाले की त्यांना कायम वाटायचं, तो कृष्ण इतक्या आर्जवानं कुणाशी बोलायलाय आणि ती काय म्हणाली असेल. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांच्या मनात होता आणि घरात कुणाला माहीत नव्हतं.

क्रूझरचं जमलं. गल्लीतले दोघं जोडप्यानं येतायत, माझ्या शाळेतल्या मॅडम आहेत, आणि आमचा मोठा मुलगा येतो म्हणाला. जालनेकर दादा, स्पर्धेचं वेळापत्रक लागलं की त्यातलंही एक नाटक नक्की करतो. आमच्या तालुक्यातलं कुणी उतरलेलं असेल तर त्यालाच आधी जाऊ.

काका, एक विचारू का? तुम्ही पदं गाळताय म्हणालात. बाबांना धसका बसलाय. त्यांची नेमकी आवडीची गेली तर?


पायपेटीवाला

ताई, बाबांना सांगा, अजून काहीही कायम झालेलं नाही. 'नच सुंदरी' आणि 'वद जाऊ' ह्यांना कुणी हात लावणार नाही, त्याचा शब्द मी देतो. वाद आहे तो नारदाच्या दोन पदांवर. 'राधाधर मधुमिलिंद' राहावं असं माझं मत आहे, कारण नारद कसा माणूस आहे ते त्या एका पदात कळतं. दिग्दर्शकाला वाटतं की सुरुवातीला वेळ खातं. ज्यांनी ही पदं नुसत्या कानांवर इतकी वर्षं जपली, अशा श्रोत्याचं मत आमच्यातल्या कुणाकडंच नाही.

तेव्हा प्रयोगाची वाट बघू नका. दर रविवारी सकाळी दहाला पूर्ण तालीम असते, तळमजल्यावर, एकही पायरी नाही. सगळी पदं एकदा गाऊन होतात, गाळायचीसुद्धा. बाबांना घेऊन या. पेटीच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकतो, म्हणजे उजवा कान माझ्याकडं. दिग्दर्शकाला मी सांगून ठेवलंय की पैठणहून एक जण येतायत आणि त्यांचं ऐकून मगच यादी पक्की करायची. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.


पैठणकरीण

ह्या रविवारी येतो, काका. बाबांनी वही काढलीय. नारदाची दोन्ही पदं ठेवावीत म्हणायलेत, आणि त्याऐवजी बलरामाचं काय कमी करता येईल तेही लिहून आणतायत.